तीनदा वाचलेली सूचना

लिफ्टच्या मिस्त्रीने गच्चीवरच्या खोलीत मेन स्विचवर हात ठेवला आणि सचिवांना विचारलं, "साहेब, बंद करतो. सगळ्यांना कळवलंय ना?"

"म्हणजे काय! सूचना लावून तीन दिवस झाले," सचिव छाती फुगवून म्हणाले.

सात वर्षं इमारतीचं सचिवपद त्यांच्याकडे होतं, ते लेखणीच्या जोरावर. सरळ वाक्य लिहायचं म्हणजे त्यांना बनियनवर बाजारात गेल्यासारखं वाटे. सोमवारी दहा ते एक लिफ्ट बंद राहील, एवढं सांगायला त्यांनी अख्खी संध्याकाळ खर्ची घातली होती आणि तळमजल्यावरच्या फळ्यावर हे डकवलं होतं:

"सर्व संबंधितांस अवगत करण्यात येते की, ऊर्ध्वाधर आवागमन-सुविधेच्या अनुषंगाने प्रस्तावित देखभालविषयक कार्यवाही विहित दिनांकी पूर्वाह्णात अंमलबजावणीस पात्र राहील. तत्पूर्वी उपरोक्त सुविधेबाबत यथोचित निर्णय घेण्यात यावा."

यात सोमवार नव्हता, दहा वाजले नव्हते आणि लिफ्टही नव्हती.

मिस्त्रीने स्विच ओढला. खाली धाडकन आवाज झाला आणि पाठोपाठ हाक आली, "अरे, कुणी आहे का?" तो आवाज सचिवांच्या आत्याचा होता. लोकांचे कपडे शिवून जिने त्यांना शिकवलं, ती आत्या. "माझा भाचा इतका शिकलाय, की त्याचं लिहिलेलं मला कळतसुद्धा नाही," असं ती भाजीवाल्यालाही कौतुकाने सांगायची.

आपल्या मदतनीसाला वर ठेवून मिस्त्री जिना उतरला, मागोमाग धापा टाकत सचिव. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकली होती. शेजारीपाजारी जमले.

"म्हणजे लिफ्ट बंद होणार होती होय?" पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले. "मी दोन पिंपं पाणी भरून ठेवलंय!"

"मी गच्चीवरचे कपडे काढून आणले," चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या. "ओलेच!"

"आणि मी आपली हरकत नाही असं लिहून दिलं," आणखी कुणीतरी म्हणालं.

सचिवांनी तिकडे लक्ष न देता दाराच्या फटीला तोंड लावलं. "आत्या, घाबरू नकोस! आवश्यक ती कार्यवाही प्रगतिपथावर असून परिस्थिती नियंत्रणाधीन आहे!"

आतून आत्याने विचारलं, "म्हणजे मी पडणार का रे?"

मिस्त्रीने त्यांना हलकेच बाजूला केलं. "आजी, लिफ्ट हाताने वर घेतोय. जरा हलेल, पण पडणार नाही. दाराला टेकू नका."

"बरं हो," आत्या लगेच म्हणाली.

मिस्त्रीने जिन्यातून वर हाक दिली, "ब्रेक सोड! हँडल मार! लेव्हलला लॉक कर!"

"आता ही भाषा तरी कुणाला कळते?" सचिव पुटपुटले.

"वरच्याला कळली ना साहेब. बघा, हलली लिफ्ट."

दार उघडलं. आत्या बाहेर आली. तिच्या हातात घडी केलेला कागद होता.

"कुठे निघाली होतीस एकटी?" सचिवांनी विचारलं.

"डॉक्टरकडे," आत्या खालच्या आवाजात म्हणाली. "तुझी सूचना तीनदा वाचली रे. एक अक्षर डोक्यात शिरेना. तुला विचारायची लाज वाटली. म्हटलं, डोकं चाललं आता माझं. दाखवून यावं. त्यांना दाखवायला ही उतरून घेतलीय बघ."

कागदावर तिच्या थरथरत्या अक्षरात सगळी सूचना होती, 'उपरोक्त'सकट. सचिवांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या अक्कलहुशारीपायी ही बाई तीन दिवस मनातल्या मनात घाबरत होती, आणि आपण जेवताना तिच्यासमोर बसून सूचनेची तारीफ करत होतो.

"आत्या, तुझं डोकं ठीक आहे," ते कसेबसे म्हणाले. "त्यात कळण्यासारखं काही नव्हतंच."

"असं कसं? टक्स, उरेब असं आम्हीही बोलायचो, पण शिवणाऱ्या आपसात. गिऱ्हाइकाला सांगायचो, कमरेत घट्ट करते. तू हे कुणाशी बोलत होतास?"

सचिवांनी तडक खाली जाऊन फळ्यावरची सूचना उतरवली.

काम दुसऱ्या दिवसावर गेलं. सचिवांनी नवी सूचना लिहायला घेतली. पाच कागद फाडले. प्रत्येक वेळी 'सर्व संबंधितांस' आपोआप उमटे. सहाव्या कागदावर जाड पेनाने, छापील वळणाने मोठी अक्षरं काढली: "उद्या, मंगळवारी, दहा ते एक लिफ्ट बंद. जिना वापरा."

संध्याकाळी ते आत्याला मुद्दाम फळ्यापाशी घेऊन गेले. तिने चष्मा सारखा केला, एकदाच वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"कळलं! अरे, सगळं कळलं मला! डोकं शाबूत आहे रे माझं!" मग तिने जवळ जाऊन कागद पुन्हा न्याहाळला. "त्या मिस्त्रीने लिहिलं ना हे? शहाणा माणूस. जरा शीक त्याच्याकडून."

"हो आत्या," सचिव म्हणाले. खाली सही करायची राहिली होती म्हणून त्यांनी पेन आणलं होतं. ते त्यांनी मुकाट्याने खिशात ठेवलं.