पाठराखा

पन्नास वर्षांपेक्षा जुनी मोटार परदेशातून मागवली, की मागच्या सीटवर बसून तिचा आधीचा मालकही येतो. गाडी नव्या घरी रुळेपर्यंत तो तिच्याजवळ राहतो आणि मग परत जातो. पूर्वी नव्या नवरीबरोबर सासरी पाठराखीण जायची, त्यातलाच हा प्रकार. सरकारी भाषेत त्याला पाठराखा म्हणतात.

कोल्हापूरच्या जिनगोंडा चौगुल्यांना हे ठाऊक होतं. उद्यमनगरात त्यांनी हयातभर लोखंड कातायचा लेथ चालवला होता. हात थकले तसा लेथ विकला आणि इंग्लंडातून एक मॉरिस मायनर मागवली. तरुणपणी एका डॉक्टरांच्या दारात त्यांनी तशी गाडी पाहिली होती, आणि तेव्हापासून ती काही डोक्यातून गेली नव्हती. पाठराख्याचा त्यांनी फारसा विचार केला नव्हता. राहील चार दिवस आणि जाईल, एवढंच.

बोट लागल्याचा निरोप आला तसे ते बंदरावर गेले. तिथल्या तांडेल नावाच्या कारकुनाने कंटेनरचं सील तोडलं आणि आत बॅटरी मारली.

"रंग?"

"हिरवा," जिनगोंडा म्हणाले.

"बरोबर. आता पाठराखा श्वास घेतोय का ते बघून घ्या. मागाहून तक्रार चालत नाही."

जिनगोंडांनी काचेला नाक लावलं. आत गुडघ्यांवर घोंगडी घेतलेला एक उंच, हडकुळा म्हातारा बसला होता. त्याने काच खाली केली.

"राम राम, पाव्हणं. लई वाट बघाय लावलासा."

यात नवल काही नाही. पाठराखा ज्या गावाला निघाला असेल तिथली बोली त्याला बोटीवर शिकवतात. तांडेल एवढंच म्हणाले, की यंदाचा मास्तर बरा दिसतोय.

म्हाताऱ्याचं नाव हॅरल्ड. गल्लीला ते काही पचलं नाही. शिरोळकडच्या हेरवाड्यांची लोकांना सवय, त्यामुळे आठवड्याच्या आत तो हेरवाडे झाला आणि त्या हाकेला ओ देऊही लागला. जिनगोंडांच्या बायकोने, पद्माक्कांनी, दारात आधी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग त्याच्यावरून.

"आत या, दादा," त्या म्हणाल्या, "पर गाडीला पाय धुवाय सांगू नगासा. चाकं म्या पुसते."

बंदरावरून ट्रकवर घालून आणलेली गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली आणि हेरवाडे माळ्यावरच्या खोलीत. चौगुल्यांचं घर जैनांचं, दिवे लागायच्या आत जेवण उरकायचं. लख्ख उजेडात रात्रीचं ताट पुढे आलेलं पाहून तो पहिल्यांदा गोंधळला. मग अशी गोडी लागली, की ऊन कलायला लागलं की स्वतःच पाट मांडून बसायचा.

गाडीची कागदपत्रं व्हायची होती, म्हणून ती रस्त्यावर काढता येत नव्हती. मग दुपारी दोघं शेडमध्ये जात. जिनगोंडा स्टिअरिंगवर, हेरवाडे मागच्या सीटवर. पाठराख्याने पुढे बसायचं नसतं. इंजिन बंदच असे. हेरवाडे मागून त्याच्या गावचे रस्ते सांगे.

"हितनं डावीकडं घ्या. म्होरं चढ हाय, गेर टाका. आता चर्च येतंय. हळू! हितं म्हातारी आडवी येती."

जिनगोंडा ब्रेक दाबत. म्हातारीला जाऊ देत. मग पुढे निघत. असे ते त्याच्या गावभर हिंडले, बाजारातून, पुलावरून, पार नदीकाठच्या टेकडीपर्यंत. एकदा टेकडीवर पोचल्यावर हेरवाड्याने घोंगडी तोंडापर्यंत ओढून घेतली.

"काय झालं?" जिनगोंडांनी आरशातून विचारलं.

"काय न्हाई. बायको गेल्यावर येकट्याला हिच्यात बसवंना, म्हनून विकली. आनि विकली तर हिच्याबरोबर यावं लागलं."

शेंगा फोडत दारात बसलेल्या पद्माक्का म्हणाल्या, "बरं झालं की."

खरंच बरं झालं होतं. लेथ गेल्यापासून त्या घरातला आवाजच गेला होता. नवराबायको एकमेकांशी भांडायचीसुद्धा विसरली होती. आता तिघं मिळून भांडत होती: आमटीत गूळ किती, गाडीला तेल कुठलं, इंग्लंडचा पाऊस मोठा की गगनबावड्याचा. जिनगोंडांना गाडी हवी होती, ती मिळाली होती. पण सकाळी उठून ते आधी शेडकडे बघेनासे झाले, आधी माळ्याकडे बघू लागले. या माणसावर आपला जीव जडलाय हे त्यांना कळत होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

कारण तपासणी जवळ आली होती. नव्या मालकाच्या हाताने गाडी एका दमात चालू झाली, की ती रुळली असं धरतात आणि पाठराख्याला परत पाठवतात. नाही झाली, तर पुढच्या सणापर्यंत मुदत मिळते.

निरीक्षक ओतारीबाई ठरल्या दिवशी आल्या. जिनगोंडांनी स्टार्टरची मूठ ओढली. इंजिन नुसतं खुरखुरलं, गाडी चालू होईना. पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

"अजून रुळली न्हाई हो," जिनगोंडा जड आवाजात म्हणाले. "मुदत द्या."

"लई मानी हाय ती," हेरवाडे म्हणाला.

"तिला हितलं पानी बादलंय," पद्माक्का म्हणाल्या.

ओतारीबाईंनी बॉनेट उघडलं. ठिणगी पाडणाऱ्या कॉइलची वायर काढून ठेवलेली होती. बाईंनी जिनगोंडांकडे पाहिलं आणि त्यांनी खिशातून वायर काढून दिली. मग बाईंनी डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उचललं. आतला रोटर नव्हता. हेरवाड्याने कोटाच्या आतल्या खिशातून रोटर काढून दिला. जिनगोंडा त्याच्याकडे बघतच राहिले. मग बाई मागे गेल्या, वाकल्या, आणि एक्झॉस्टच्या नळीतून त्यांनी जांभळ्या इरकलीचा लांबलचक तुकडा ओढून काढला. तो कुणाचा हे विचारायची गरजच नव्हती, पद्माक्का दुसरा तुकडा डोक्याला बांधून उभ्या होत्या.

"एकमेकांना सांगितलं नव्हतं का?" ओतारीबाईंनी विचारलं.

तिघांनी नाही म्हणून माना हलवल्या.

"सांगायचं. एकच बिघाड पुरला असता."

बाईंनी सगळं जागच्या जागी बसवलं आणि मूठ ओढायला सांगितलं. गाडी एका दमात चालू झाली. इतका गोड आवाज जिनगोंडांनी जन्मात ऐकला नव्हता, आणि त्यांनी लगेच किल्ली फिरवून तो बंद केला.

"रुळली," ओतारीबाई म्हणाल्या. "मला वाईट वाटतं, पण रुळली."

तोवर गाडीची कागदपत्रं झाली होती, म्हणून हेरवाड्याला बंदरावर त्याच गाडीतून न्यायचं ठरलं. जिनगोंडा आयुष्यात पहिल्यांदा ती गाडी रस्त्यावर चालवत होते आणि घाट कधी लागला नि कधी संपला हेही त्यांना कळलं नाही. हेरवाडे मागे बसून डावीउजवीकडे सांगतसुद्धा नव्हता.

तांडेलांनी रिकामा कंटेनर उघडून ठेवला होता. हेरवाडे उतरला, त्याने कोट नीट केला आणि हात पुढे केला. इंग्रज लोक निघताना हातात हात देतात, तसा. पद्माक्कांना ते कुठे ठाऊक! घरचं माणूस निघताना हात पुढे करतं ते एकाच गोष्टीसाठी. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्या तळहातावर चमचाभर दही ठेवलं. हेरवाड्याने ते खाल्लं.

"अहो, काय केलंत हे!" तांडेल धावत आले. "दही दिलंत?"

"द्याचं नसतं व्हय?"

"पाहुण्याला नसतं द्यायचं. दही घरच्या माणसाला देतात, परत यावं म्हणून. आता हे तुमच्या घरचे झाले. पाहुणा परत गेला तर प्रश्न नव्हता. पण घरातलं पन्नास वर्षांपेक्षा जुनं काही, मग ते माणूस का असेना, परदेशी पाठवायचं, तर बरोबर पाठराखा लागतो. तिकडे रुळेपर्यंत."

जिनगोंडांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "म्हंजे आमी?"

"तुम्ही. दोघंही चालाल, घर दोघांचं आहे."

"आनि गाडी?"

तांडेलांनी जरा विचार केला. "पाठराख्याने मागच्या सीटवर बसायचं असतं. गाडीशिवाय सीट कुठून आणणार? गाडी न्यावी लागेल."

"आनि परत आनताना?" हेरवाड्याने विचारलं.

"ती तिकडून इकडे आली, की बरोबर तुम्ही. ती रुळली, की तुम्ही परत निघणार. तुम्ही निघालात, की बरोबर हे दोघं."

"मग ह्ये संपायचं कवा?" पद्माक्कांनी विचारलं.

तांडेलांनी मान हलवली. "संपायची तरतूद नाही."

जिनगोंडांना तिथेच, बंदरावर, सगळ्यांसमोर रडू आलं. त्यांनी डोळे पुसायचीही तसदी घेतली नाही. त्यांनी हेरवाड्याच्या हातात किल्ली दिली. हेरवाडे स्टिअरिंगवर बसला आणि गाडी हळूच कंटेनरमध्ये नेऊन उभी केली. पद्माक्का मागच्या सीटवर चढल्या आणि सरकून बसल्या.

तांडेल बॅटरी घेऊन आत आले. "पाठराखे श्वास घेताहेत?"

"घेतायत," हेरवाडे म्हणाला.

"मग सही करा."

हेरवाड्याने सही केली. जिनगोंडांनी आत बसून दार ओढून घेतलं.