पूर्ण जाळणारे, अर्धवट जाळणारे

आमच्या मजल्यावर कोणी नवीन राहायला आलं की परबकाका त्याला नाव विचारत नाहीत. "तुम्ही पूर्ण जाळणारे की अर्धवट?" एवढंच विचारतात. नवा माणूस बायकोकडे पाहतो. मग मला मध्ये पडावं लागतं.

काका एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. जमिनीखालच्या लोखंडी पाइपांना भोकं पाडणारे जिवाणू ओळखणं हे त्यांचं काम. हे जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेटवर श्वास घेतात. हवा लागली की मान टाकतात. आणि त्यांच्या उच्छ्वासाला सडक्या अंड्यांचा वास येतो. अशांवर कोणाचा जीव जडेल असं मला वाटलं नव्हतं. पण काका त्यांच्याविषयी लग्नाला आलेल्या भाच्यांविषयी बोलावं तसं बोलतात. हा स्वल्पविरामासारखा वाकडा, पण चपळ. तो लांबोडका, संकट आलं की बीजाणू करून पडून राहणारा. "हा अन्न अर्धवट जाळतो, उरलेलं व्हिनेगर मागे टाकून जातो. दुसरा शेवटपर्यंत जाळतो. सावकाश, पण काही ठेवत नाही."

चारकोपच्या आमच्या सोसायटीचंही त्यांनी असंच वर्गीकरण केलंय. सेक्रेटरी दळवी अर्धवट जाळणारे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग निम्म्यावर, आंबटपणा मात्र भरपूर. मी बीजाणूवाला. "परिस्थिती बिघडली की तू कवच करून आत बसतोस. सभेत बघितलंय तुला." शाल-श्रीफळ देतानाही माझ्याविषयी इतकं खरं कोणी बोललेलं नाही.

प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा काकांनी जिवाणूंच्या बाटल्या घरी आणल्या. रबरी बुचाच्या, आत पाणी, क्षार आणि एक लोखंडी खिळा. जिवाणू वाढले की सगळं काळं होतं. ते टिकवायचे तर दर महिन्याला थोडे नव्या बाटलीत घालावे लागतात. सुमनकाकू बाटली उलटी धरायच्या, काका बुचातून सुई घालायचे. गेल्या वर्षी काकू गेल्या.

त्यानंतर जिन्यात वास येऊ लागला. सभा झाली. "काका, वाट लागलीय लोकांची," दळवी म्हणाले. "नाक धरून चढतात. रविवारपर्यंत बाटल्या बाहेर काढा." आता व्याख्यान होणार म्हणून सगळे सरसावून बसले. काका नुसते "बरं" म्हणाले. मी माझ्या कवचात होतो.

रविवारी सकाळी बाटल्या उतरवायला मदत करावी म्हणून गेलो. फळीवरच्या बहुतेक बाटल्यांत स्वच्छ पाणी होतं. तळाशी गंजलेला खिळा.

"ह्यांतले मेले," काका म्हणाले. "हात थरथरतो रे. सुई बुचात जात नाही. मग बूच उघडून ओतत होतो."

"पण हवा लागली की मरतात ना ते?"

"मरतात."

"मग?"

"मग काय करणार होतो? उपाशी ठेवायचे?"

एकच बाटली काळी होती. काकू असताना भरलेली, कधीच न उघडलेली. "हिच्यात अजून कोणी असेल," काका म्हणाले. "धरशील? उलटी. हलवू नको."

मी धरली. त्यांनी सिरिंज दोन्ही हातांत घेतली. सुई बुचावरून घसरली, पुन्हा घसरली. "माझ्याकडे काय बघतोस? बाटलीकडे बघ," ते खेकसले. मग सुई आत गेली. तसंच नव्या बाटलीत.

ठराव काकांच्या घरापुरता होता. त्यामुळे नवी बाटली आमच्या हॉलमध्ये आली. मेधानं, माझ्या बायकोनं, "फुटली तर?" एवढंच विचारलं. काका रोज सकाळी यायचे, बाटली उजेडात धरायचे, पाणी स्वच्छच दिसायचं. "बसा," म्हटलं तर बसायचे नाहीत. जाताना दार मात्र फार हळू ओढून घ्यायचे.

एका सकाळी खिळ्याभोवती काळसर कडं दिसलं. मी काही बोलणार तोच ते आले. बाटली उचलून खिडकीशी नेली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"झाली गं," ते म्हणाले. "काळी झाली."

मेधा हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "मला हाक मारलीत का, काका?"

"नाही," काका म्हणाले, आणि बाटली हातात घेऊन तसेच खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.