सासूबाईंचा मोकळा डबा

आमच्या घराची मागची भिंत म्हणजे जंक्शनची पुढची भिंत! त्यामुळे रेल्वेतलं मला कुणी शिकवू नये. गाडीत मी स्वतः फारसा बसत नाही, ही गोष्ट वेगळी!

त्या दिवशी संध्याकाळी मेहुणीच्या शिवणकामाच्या दुकानाचं उद्घाटन होतं. फीत आईच कापणार, ती आल्याशिवाय कुलूपसुद्धा निघणार नाही, असा मेहुणीचा हट्ट. बायको मदतीला आधीच गेलेली. सासूबाईंना सकाळच्या गाडीत बसवून द्यायचं काम माझ्याकडे. मी ऑफिस उरकून मागून जाणार होतो.

"जागा मिळेल ना हो, जावईबापू?"

"आई, मी असताना?"

गाडी आली ती खच्चून भरलेली. पण शेवटच्या डब्यात पाहतो तर काय, चिटपाखरू नाही! सासूबाईंना खिडकीशी बसवलं आणि मला परोपकाराची उबळच आली. "अहो, इकडे या! मागं सगळं मोकळं आहे!" मी फलाटभर ओरडत सुटलो. पोरंबाळं, पेट्या, गाठोडी घेऊन निम्मी गाडी मागं लोटली.

"जावई भला माणूस आहे हो तुमचा!" एक बाई म्हणाल्या. सासूबाईंचा चेहरा असा फुलला की मला भरून आलं.

तेवढ्यात डब्यांच्या फटीतून रेल्वेचा एक माणूस काळे हात पुसत वर आला.

"काही बिघडलंय का?" मी विचारलं.

"छे! डबा सोडवला. हा इथून पुढं जात नाही. रोजचंच आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिट्टी झाली आणि बाकीची गाडी डौलात निघून गेली!

सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं. "जावईबापू, गाडी निघाली की हो! मग आपण का नाही निघालो?"

मागोमाग सगळ्या खिडक्यांतून डोकी आली. "चौकशी करून येतो हं!" म्हणत मी सटकलो. पुढची गाडी दुपारनंतर, असं स्टेशनमास्तर म्हणाले. तो निरोप मी हमालाबरोबर धाडला आणि थेट ऑफिसकडे धूम ठोकली.

दिवसभर जीव टांगणीला! सासूबाई वेळेत पोचल्या नाहीत तर मेहुणीचं दुकान बंद आणि मला घराचं दार बंद. संध्याकाळी बायकोचा फोन आला.

"पोचल्या का गं?"

"पोचली, अगदी ऐन वेळेला! फीतही कापली. आणि अहो, दुकानात पाय ठेवायला जागा नाही! डब्यातली झाडून सगळी माणसं आईबरोबर आलीत."

"बघ!" माझी छाती फुगली. "पहिल्याच दिवशी एवढी गिऱ्हाइकं! कुणामुळे?"

"गिऱ्हाइकं कसली! साधी बाही उसवलेली कुणी शिवून घेईना. जावई संध्याकाळी नक्की येणार, असं आईनं कौतुकानं सांगितलंय त्यांना. बाह्या सरसावून तुमचीच वाट बघतायत. निघालात का?"

"अगं, निघतच होतो," मी म्हटलं, "पण सकाळपासून जरा कणकण वाटतेय!"