लॅपटॉपवर चालणारी पत्रिका

धर्मेंद्रने ठरवलं ते इतकंच, की बायकोचा थोडा वेळ वाचवायचा. उर्वशीचं वरठीला स्टेशनकडच्या रस्त्यावर छपाईचं छोटं दुकान होतं आणि तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर एकेक लग्नपत्रिका जुळवताना तिचा जीव मेटाकुटीला यायचा. धर्मेंद्र आंधळगावला घरी बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहायचा. त्याने तिच्यासाठी प्रोग्राम केला: नावं भरा, बटण दाबा, पत्रिका तयार. घरच्या लॅपटॉपवर ती इतकी सुरेख उमटली, की (पुण्याच्या साहेबांनी कधीच न केलेलं) कौतुक त्याने स्वतःच करून घेतलं.

पहिली पत्रिका मेव्हणीची, शुभांगीची. सासरे परसराम स्वतः दुकानात आले होते. धर्मेंद्रने प्रोग्राम तिथल्या कॉम्प्युटरवर टाकला, थेट छपाई सुरू केली आणि सासऱ्यांना चहाला घेऊन गेला. परत येईपर्यंत प्रिंटरने ट्रेमधला सगळा भारी कागद संपवला होता.

परसरामांनी एक पत्रिका उचलली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"जवाईबापू, पोरीचं नाव कुठी आहे?"

नावाच्या जागी रिकामे चौकोन होते. खालच्या मजकुरातली जोडाक्षरं घटस्फोट घेतल्यासारखी वेगवेगळी उभी होती.

"माझ्या लॅपटॉपवर बरोबर येते," धर्मेंद्र म्हणाला.

"मंग पाहुण्यायले लॅपटॉपच दाखवत फिरू का?" सासऱ्यांनी शांतपणे विचारलं.

उर्वशीने खुर्ची ओढली, नवा कागद लावला आणि आपल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका जुळवायला घेतली. संध्याकाळी सासरे गठ्ठा घेऊन गेले. जावयाकडे त्यांनी पाहिलं नाही, हेच बरं झालं.

धर्मेंद्रने शोध घेतला. अक्षरं जोडणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, आणि नावांच्या मोठ्या अक्षरांचा फॉन्ट त्याने कधीतरी दुसऱ्याच कामासाठी लॅपटॉपमध्ये टाकले होते आणि विसरून गेला होता. दुकानात पोचला तो नुसता त्याचा प्रोग्राम.

"मले वाटलं, सगळं माहा प्रोग्रामच करून राहिला," जेवताना तो म्हणाला. "काम दुसरेच करत होते. घरात आधीपासून जे असते ना, थे दिसतच नाही."

उर्वशीने त्याच्या ताटात भात वाढला. "तुमी कॉम्प्युटरचंच सांगून राहिले ना?"

धर्मेंद्रने हातातला घास ताटात ठेवला. मग उठून स्वतःचं पाणी स्वतः घेतलं.

या खेपेला त्याने काहीच गृहीत धरलं नाही. फॉन्ट, लायब्ररी, त्या लायब्ररीला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सगळ्यांचं एक मोठं गाठोडं बांधून दुकानात नेलं. पत्रिका अगदी नेमकी उमटली.

"आता याले बाहेरचं काहीच लागत नाही," तो म्हणाला.

उर्वशीने मान हलवली आणि आपलं जुनं सॉफ्टवेअर उघडायला गेली. ते उघडेना. कॉम्प्युटरची डिस्क काठोकाठ भरली होती.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "आता हे काढाचं कसं, थे सांगा."

धर्मेंद्रने गाठोड्यात सगळं भरलं होतं. तेवढी सोय लिहायची राहिली होती.