ढिल्या पट्ट्याची फत्ते

श्रीसिद्धरामेश्वर समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, रविवारी, शहर सोलापूर, बाळीवेशीत कीर्तनसप्ताहाचे मांडवात जे तुंबळ जाहले ते यथास्थित लिहिले असे. श्रोतीं चहाची कपबशी खाली ठेवून सावध परिसावे.

राजश्री प्रभुलिंगअप्पा, चादरींचे कारखान्यातून निवृत्त, हल्ली मुक्काम कीर्तनाची पुढली रांग, टाळकऱ्यांचे सरदार. यांचा दावा ऐसा की, सन सत्त्याण्णवात कीर्तनाच्या जितक्या कॅसेटी निघाल्या तितक्यांत मोडनिंबकरबुवांची ‘चिंतनधारा’ अव्वल, आणि ऐसा धीरगंभीर खर्ज उभ्या दक्षिणेत दुसरा नाही. राजश्री चनमल्लप्पा, कडक भाकरीचे व्यापारी, यांचा दावा की अव्वल ती नातेपुतेकरबुवांची ‘नामनौबत’. ऐसे अठ्ठावीस वर्षे जंग चालिले. लग्नाचे पंगतीत लढले, मयतीस जाऊन लढले, न्हाव्याचे खुर्चीत अर्धी दाढी जाहली असता लढले, आणि तह म्हणून कधी जाहला नाही. मग औंदा पंचांचा हुकूम सुटला की, सप्ताहात रोज कीर्तनाआधी कर्ण्यावर एकच कॅसेट वाजेल, ती जिंकणाराची. आणि हरेल त्याणे पुढल्या रांगेतून उठून टाळ खाली ठेवावे.

अप्पा वरून हसले, परंतु ही बाजी हरणे त्यांस परवडणारे नव्हते. कारण सत्त्याण्णव साली मातुश्री अंथरुणास खिळल्या होत्या. मातुश्रींची बोली कानडी, मराठी कीर्तन त्यांचे कानावरून वाहून जाई. मात्र हीच कॅसेट उशाशी लाविली की म्हणत, ह्या बुवाचं सगळं समजतंय रे मला. ते सुख एकवार अवघ्या गल्लीस ऐकवावे, इतकीच अप्पांची मनसा.

मग अप्पांनी तोच जुना टेपरेकॉर्डर शालीत गुंडाळिला, आणि कबिला हेमावतीबाई यांनी शेंगाचटणीची रसद बांधून निरोप दिला तो येणेप्रमाणे: “अवो, हरला तर घरी येऊन बुवागत गप बसू नका. भांडी पडल्याती घासायला.”

प्रथम चनमल्लप्पांचे टेपरेकॉर्डरवर ‘नामनौबत’ वाजली, टाळ्या बऱ्या पडल्या. मग अप्पांचे यंत्रावर ‘चिंतनधारा’ लागली आणि मांडव डोलू लागला, माना खाली गेल्या, डोळे मिटले. फत्ते हाताशी आली ऐसे पाहून अप्पांनी मिशीस हात घातिला, तोच चनमल्लप्पा गरजले, “ह्यो मोडनिंबकर न्हाय! म्या समोर बसून ऐकलंय की त्येंना. बारीक आवाज हाय त्येंचा, शिट्टीवानी!”

गलबला जाहला. सबब टेपरेकॉर्डर दुरुस्तीचे कामी नामजाद नबीसाब यांस पाचारण जाहले. त्यांनी पेचकस चालविला, पोटात डोकाविले, आणि फुटक्या शेंगदाण्यासारखे हसले.

“अप्पा, तुमचा बुवा न्हाय वो जड. पट्टा ढिला हाय! मशीनच लंगडतंय, हळू फिरतंय.”

मग त्यांनी जुना रबरी पट्टा खिशात टाकिला, नवा चढविला, कळ दाबिली. आणि मोडनिंबकरबुवा जे सुटले ते मागे पोलीस लागल्यासारखे सुटले. अभंग संपला, दृष्टांत संपला, श्रोत्यांस हसावयासही उसंत मिळेना. मागाहून मात्र मांडव खदखदला. ज्या खर्जाची थोरवी अप्पांनी अठ्ठावीस वर्षे गाइली, जावयास ऐकविली, व्याह्यास ऐकविली, तो खर्ज आठ आण्यांच्या रबराचा, हे तहकीक जाहले. अप्पांनी कपाळीचा घाम पुसला, टाळ उचलिले आणि चनमल्लप्पांचे पायापाशी ठेविले. चनमल्लप्पांस जिंकूनही हसू येईना. दुसऱ्या दिवशी भांडावे कोणाशी, हा पेच त्यांजपुढे पडला.

ऐशा समयी बायकांचे बाजूने काशम्मा उठल्या. वय ऐंशीपार, बोली कानडी, काठी मजबूत.

“नबीसाबा, त्यो सैल पट्टा लाव की परत. ह्यो बुवा पळतोय. मघाचा चालत हुता, मी बी संगं चालत हुते. लई वर्सांनी समदं समजलं बग मला.”

अप्पांचे डोळा पाणी आले. काय आठविले ते लिहावयाचे कारण नाही.

मग पंच बसले, पान खाल्ले, आणि निवाडा जाहला की पट्टा ढिलाच चढवावा. तैसे करून ‘चिंतनधारा’ वाजविली, पाठोपाठ त्याच यंत्रावर ‘नामनौबत’ वाजविली. तेव्हा नातेपुतेकरबुवाही ऐसे खर्जात बोलले की चनमल्लप्पांस त्यांतील एक दृष्टांत अठ्ठावीस वर्षांनी प्रथमच समजला. त्यांनी टाळ उचलून अप्पांचे हाती दिले आणि फर्माविले, “धर की आता, लाजतोस काय नव्या नवरीगत!”

येणेप्रमाणे दफ्तरी नोंद जाहली: सन सत्त्याण्णवची अव्वल कॅसेट कोणतीही असो, मान नबीसाबांचे खिशातून परतलेल्या पट्ट्याचा. दोन्ही कॅसेटी रोज वाजाव्या. प्रभुलिंगअप्पांची जागा पुढल्या रांगेत कायम.

सायंकाळी खासे कीर्तनकार उभे राहिले आणि झपाट्याने सुटले, तो काशम्मांची आज्ञा आली, “बुवा, पट्टा ढिला करा की!” बुवांस मसलत ठाऊक नव्हती. त्यांनी गोंधळून कमरेचा शेला सैल केला, श्वास घेतला, आणि सावकाश आरंभ केला. अप्पांनी टाळ वाजविले. फत्ते.