साळवेकाकांचा चांगला अर्थ

आमच्या चिकलठाण्याच्या सोसायटीत कुणाची मनसोक्त निंदा करायची असेल, तर आधी साळवेकाका कुठं आहेत ते बघून घ्या. हा माणूस निंदेची सगळी मजाच घालवतो.

आठ दिवस नळाला पाणी नाही म्हणून मी महापालिकेच्या पाणीवाल्याचा उद्धार सुरू केला. काका म्हणाले, "त्याच्या घरी कुणी आजारी असंल हो!" आणि लगेच खिशातून तक्रारअर्ज काढला. "करा सही. माणसाला माफ करायचं, हापिसाला जाब इचारायचा. सरकार बी देवानंच नेमलंय, मग देवाच्या नोकरानं नीट काम करू नये व्हय?"

काका निवृत्त फिटर आणि पिढीजात ल्यूथरन पंथाचे ख्रिस्ती. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही बायबलच्या दहा आज्ञांतली त्यांची लाडकी आज्ञा. "नुसतं खोटं टाळून भागत नाय. शेजाऱ्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावायचा, असं शिकवलंय आमाला."

यावर मार्थाकाकू आतून ओरडतात, "मग भाजी खारट झाली की कुठं जातो तुमचा अर्थ?"

गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर सिल्लोडचं शेख कुटुंब भाड्यानं आलं. त्यांच्याकडं गठ्ठे येतात, अनोळखी माणसं येतात, अशी सोसायटीच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. काकांनी सरळ वर जाऊन विचारलं. बाई शाळेचे गणवेश शिवत होत्या, गठ्ठे कापडाचे होते. काकांनी ग्रुपवर तसं लिहिलं, पण ऐकतो कोण! महिनाअखेर यांना घराबाहेर काढा, असं घरमालकाला पत्र गेलं. काका सोडून सगळ्यांच्या सह्या. माझीही. आडनाव ऐकून घर नाकारलं जाणं मी स्वतः भोगलंय, तरी केली.

दोन दिवस घास गोड लागेना. शेवटी काकांकडं गेलो.

"काका, त्या पत्रावर माझी सही आहे."

"वाचलं नसंल तुमी."

"वाचलं होतं."

"चष्मा घरी राहिला असंल."

"डोळ्यांवरच होता."

काकांनी खूप शोधलं, पण चांगला अर्थ सापडेना. चेहरा एवढासा झाला. मलाच बघवेना.

"भ्यालो, काका," मी म्हणालो. "उद्या सगळे माझ्यावरच उलटले असते तर?"

त्यांनी माझा हात धरला.

"मी बी भेतोच की ओ. सही नाय म्हणलो आन् घरी येऊन दाराला कडी घातली. काकूला बी सांगितलं नाय. एकट्यानं लई जड जातं बघा."

मग चपला पायात सरकवत म्हणाले, "चला, आधी वर जाऊ, मग मालकाकडं. तुमी आलात, सोबत झाली. आता दोघं मिळून भिऊ."