गोपाळ मास्तरांची ओझ्यांची वही

अकोल्यात कोणी ओझं घेऊन चालला की गोपाळ मास्तर त्याला भर रस्त्यात अडवत आणि विचारत, "कसं नेताय?" कुठे नेताय, कोणाचं नेताय, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. डोक्यावर, पाठीवर, चाकावर, काय ते बघायचं आणि खिशातून वही काढायची.

मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवत, पण जीव लॅटिनवर. ती भाषा आमच्या गावात दोघांनाच येई, एक मास्तर आणि दुसरा पाद्री. पैकी पाद्र्याची बदली झाली. मग मास्तरांनी आई नसलेल्या आपल्या लेकीला, वेणूला, लॅटिन शिकवलं, कारण बोलायला कोणीतरी हवं.

वहीत फक्त वाहून नेण्याचे शब्द होते. एका पानावर एक लॅटिन शब्द, पुढे इंग्रजी अर्थ आणि खाली गावात तसं नेणाऱ्यांची नावं. 'पोर्तारे' म्हणजे उचलून नेणं, त्याखाली टपालवाला. 'गेरेरे' म्हणजे अंगावर वागवणं, त्याखाली पितळी बिल्ला मिरवणारा कचेरीतला चपराशी. 'वेहेरे' म्हणजे चाकावरून नेणं. 'बाजुलारे' म्हणजे हमालासारखं पाठीवर वाहणं, आणि त्या पानावर पहिलं नाव माझं.

होतो मी हमाल. कापसाचे बोजे वाहून पाठीला घट्टे पडले, ते अजून आहेत. पण पुढे माझ्या चार बैलबंड्या झाल्या, सवारीची दमणी झाली, बाजारात लोक मला सोपानराव म्हणू लागले. मास्तर मात्र मला त्या पानावरून हलवीनात. हे मी अजून विसरलेलो नाही.

"मास्तर, मले चाकावर घ्या."

"बंडी बैल ओढतात, सोपानराव. तुम्ही काय नेता?"

"मंग बैलाचं नाव लिहा!"

"लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. माझा ढवळ्या बैल वेहेरेत आणि त्याचा मालक बाजुलारेत!

"बरं, आडनाव तरी तिकडं टाका," मी म्हणालो. मास्तरांनी वही मिटली.

शेवटचं पान 'गेस्तारे'. म्हणजे कडेवर, हातांवर घेऊन हिंडणं. त्याखाली एकही नाव नव्हतं. "काहून? लेकरू घेतलेल्या बाया दिसत नाहीत का तुमाले?" मी विचारलं. मास्तर म्हणाले, "ते राखून ठेवलंय."

वेणूचं लग्न चांदूर रेल्वेच्या वकिलांकडे झालं. लग्न लागून वऱ्हाड परत निघालं तेव्हा अकोल्याच्या स्टेशनावर हमाल वेळेवर आला नाही, म्हणून व्याह्यांनी स्वतःच वळकटी पाठीवर घेतली. मास्तरांना आनंद झाला. पन्नास माणसांसमोर त्यांनी वही उघडली आणि व्याह्यांचं नाव बाजुलारेत लिहिलं. वर अर्थही समजावून सांगितला.

वकिलाचं घराणं ते. विहीणबाई म्हणाल्या, "आमच्यात हमाल नाहीत. मुलगी आता माहेर विसरली म्हणा."

त्यानंतर वेणू आली नाही. तिला दिवस गेले तेव्हा मास्तरांनी बाळंतपणासाठी वरची खोली सारवून घेतली, पाळणा उतरवला. "तुमच्या घरात बाईमाणूस नाही," असं चांदूरहून उत्तर आलं. नात तिकडेच झाली. मास्तर रस्त्यात लोकांना अडवायचे थांबले. माणूस ओझं घेऊन समोरून जाई आणि मास्तर बघतही नसत. मला ते बघवेना.

मी म्हणालो, "मास्तर, सौदा करा. नात तुमच्या हातात देतो. मले चाकावर घ्याल?"

"घेईन," मास्तर म्हणाले.

चांदूरला जाऊन मी ओसरीवर बसलो. विहीणबाई दाराआड.

"दोन महिने पाठवा पोरीले."

"दोन दिवस नाही."

"बाई, मी हमालच होतो. त्याच पानावर माझंबी नाव हाये. मी राग राग केला, पण बोलणं टाकलं नाही. एक दिवस?"

"एक घटका नाही."

आतून मूल रडलं. मी उठलो नाही. बऱ्याच वेळाने आतल्या बोलण्यातून कळलं की पुढच्या आठवड्यात लेकराला घेऊन सगळी खानदेशात कुलदेवीला निघालीत. गाडी अकोल्यावरूनच जाणार.

"गाडी थांबते तेवढा वेळ," मी म्हणालो. "खाली नका उतरू."

दाराआड बांगड्या वाजल्या. "तेवढाच," त्या म्हणाल्या. आयुष्यात एवढा वाईट सौदा मी केला नव्हता.

त्या दिवशी मास्तर माझ्या दमणीत कडक इस्त्रीचा कोट घालून बसले. गाडी आली. जनाना डब्याच्या खिडकीत वेणू होती, वाळलेली. तिने दुपट्यातलं मूल बाहेर दिलं. मास्तरांनी ते घेतलं आणि घाबरून तसेच उभे राहिले.

"मान धरा, मान!" विहीणबाई तोंड फिरवून बसल्या होत्या, तरी ओरडल्या.

मास्तरांनी मान धरली. मग फलाटावर चार पावलं पुढे, चार पावलं मागे. लॅटिन नाही, इंग्रजी नाही. शिट्टी झाली. वेणूने हात बाहेर काढले, आणि मास्तरांना दोनदा सांगावं लागलं.

परतताना ते दमणीत बसेनात. चालतच निघाले. दोन्ही हात छातीशी तसेच वाकवलेले, डाव्या कोपराजवळ उजवा पंजा.

फाटकाशी मी त्यांना गाठलं. "मास्तर, सौदा ठरला होता. वही काढा."

"उद्या, सोपानराव," ते हळूच म्हणाले. "आत्ता हात रिकामे नाहीत."

मी ढवळ्याचा कासरा ओढला आणि रिकामी दमणी, आवाज न करता, त्यांच्या मागून चालवत राहिलो.